परदेशात एक सेमिस्टर: विषय कसे निवडायचे आणि त्यांचे क्रेडिट पदवीत कसे धरून घ्यायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवी चालू असताना एक सेमिस्टर किंवा एक वर्ष परदेशी विद्यापीठात शिकायला जायचं आहे. तिथल्या वेबसाइटवर शेकडो विषय दिसतात. त्यातले कोणते खरोखर घेता येतात, किती घ्यावेत, आणि परत आल्यावर ते आपल्या पदवीत धरले जातात का?

आधी गाभ्याचं उत्तर. वेबसाइटवरची यादी म्हणजे त्या विद्यापीठात काय काय शिकवलं जातं त्याची यादी. तुम्हाला काय मिळेल त्याची ती यादी नव्हे. म्हणून निवडीची सुरुवात तिथून करू नका. सुरुवात आपल्या विभागापासून करा. तुमच्या पदवीतल्या कोणत्या विषयांच्या बदल्यात बाहेरचं शिक्षण धरलं जाईल, हे आधी लेखी घ्या आणि मग त्या चौकटीत बसणारे विषय तिकडे शोधा. उलट्या क्रमाने जाणाऱ्यांचं सेमिस्टर उत्तम पार पडतं, गुणही चांगले मिळतात, आणि परत आल्यावर कळतं की सक्तीचे दोन विषय तसेच राहिलेत.

युरोपात १९८७ पासून चालू असलेल्या, विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या इरॅस्मस योजनेत यासाठी अभ्यासाचा लेखी करार, म्हणजे 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' असतं. त्यावर विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांची संमती लागते. त्यात दोन तक्ते महत्त्वाचे. तक्ता 'ए' मध्ये तुम्ही तिकडे काय शिकणार ते, आणि तक्ता 'बी' मध्ये त्याच्या बदल्यात इकडचं काय माफ होणार ते. बहुतेक विद्यार्थी 'ए' भरण्यात महिना घालवतात आणि 'बी' मध्ये 'ऐच्छिक विषय, ३० क्रेडिट' असं मोघम लिहून मोकळे होतात. चूक इथेच होते. 'ऐच्छिक' म्हणून क्रेडिट मिळाले तरी तुमच्या पदवीत ऐच्छिक विषयांना जागाच १० क्रेडिटची असेल, तर उरलेले २० गुणपत्रिकेवर दिसतील, पण पदवीसाठी उपयोगी पडणार नाहीत. 'क्रेडिट मान्य झाले' आणि 'विषय माफ झाला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभागाला विचारताना नेमकं दुसरं विचारा.

तुमची देवाणघेवाण इरॅस्मसच्या बाहेरची असेल आणि असा छापील करार नसेल, तर तोच तक्ता स्वतः तयार करा. डाव्या बाजूला तिकडच्या विषयाचा कोड, नाव, क्रेडिट, पातळी. उजवीकडे आपल्याकडचा कोड, नाव, क्रेडिट. शेवटी सही आणि तारीख. सही कोणाची हेही पाहा. आंतरराष्ट्रीय कार्यालय तुमच्या जाण्याला मंजुरी देतं. विषय माफ करण्याचा अधिकार बहुधा विभागप्रमुखाकडे, विभागाच्या समन्वयकाकडे किंवा परीक्षा मंडळाकडे असतो. कार्यालयातून 'हो, चालेल' असा ईमेल आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

आणखी एक गैरसमज. तिकडचा प्रत्येक विषय इकडच्या एकेका विषयाशी तंतोतंत जुळायला हवा, असं नाही. ईसीटीएस या युरोपातल्या क्रेडिटपद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेची भूमिकाही हीच आहे की एकास एक जुळणी शोधू नये, शिकण्याची उद्दिष्टं पाहावीत. तिकडचे चार विषय मिळून इकडच्या तीन विषयांच्या गठ्ठ्याच्या बदल्यात धरता येतात. एखाद्या विषयात ६० टक्के साम्य दिसतंय म्हणून विभाग अडून बसला असेल, तर गठ्ठ्याचा प्रस्ताव मांडा. एकेका विषयावर होणारा वाद बऱ्याचदा असा सुटतो.

मग बाहेर काय घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे. ज्या सक्तीच्या विषयांवर पुढच्या सेमिस्टरचे विषय उभे आहेत ते घरीच करा, आणि ऐच्छिक विषय, प्रकल्प, विशेषज्ञतेचे विषय बाहेर करा. पायाभूत विषयाचा क्रम प्रत्येक विद्यापीठात वेगळा असतो. तिकडच्या 'थर्मोडायनॅमिक्स २' मध्ये तुमच्या अभ्यासक्रमातला उष्णतावहनाचा भाग नसेल, तर क्रेडिट मिळूनही पुढच्या विषयात अडाल. यासाठी ऐच्छिक विषयांच्या जागा आधीच्या वर्षात न भरता राखून ठेवाव्या लागतात, म्हणजे नियोजन किमान दोन सेमिस्टर आधी हवं. परवाना लागणाऱ्या पेशांत, म्हणजे कायदा, नर्सिंग, लेखापाल, शिक्षक, काही देशांत अभियंता, आणखी एक पायरी असते. तुमचा विभाग विषय मान्य करील, पण परवाना देणारी संस्था करीलच असं नाही. तिचे नियम स्वतंत्रपणे वाचा.

आता यजमान विद्यापीठाच्या बाजूला येऊ. काही विषय पाहुण्या विद्यार्थ्यांना जवळजवळ नेहमीच बंद असतात: वैद्यकशास्त्रातले रुग्णालयातले भाग, नर्सिंगचं प्रात्यक्षिक, बाहेर जाऊन करायची इंटर्नशिप, आणि बऱ्याच ठिकाणी वास्तुकला व दृश्यकलेचे स्टुडिओ. प्रयोगशाळेच्या विषयांत जागा मोजक्या असतात आणि त्या आधी तिथल्या नियमित विद्यार्थ्यांना जातात. शिवाय देवाणघेवाणीचा करार अनेकदा संपूर्ण विद्यापीठाशी नसून एका विद्याशाखेशी असतो. करार अर्थशास्त्र विभागाचा असेल, तर संगणकशास्त्राचा दरवाजा उघडा असेलच असं नाही. बिझनेस स्कूल हे याचं नेहमीचं उदाहरण: विद्यापीठ तेच, पण स्कूलचा करार वेगळा, यादी वेगळी. काही ठिकाणी निम्म्याहून जास्त क्रेडिट आपल्या शाखेतूनच घ्यावे लागतात. 'आमच्या करारात कोणती विद्याशाखा येते आणि बाहेरच्या शाखेतले किती क्रेडिट चालतात?' हा प्रश्न पहिल्याच ईमेलमध्ये विचारा.

तुम्ही कोणत्या नात्याने जाताय यावरही यादी बदलते. देवाणघेवाणीत शुल्क मूळ विद्यापीठात भरलं जातं आणि यजमान विद्यापीठ ते घेत नाही. स्वतंत्र पाहुणा विद्यार्थी म्हणून गेलात तर शुल्क तिकडे भरता, आणि काही ठिकाणी विषयांची निवडही थोडी मोकळी मिळते. तिसरा प्रकार मध्यस्थ संस्थेच्या कार्यक्रमाचा. यात फक्त परदेशी विद्यार्थ्यांसाठी बेतलेले विषय असतात, ते स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर शिकवले जात नाहीत. ते वाईटच असतात असं नाही, पण गुणपत्रिका कोणाच्या नावावर निघते ते पैसे भरण्याआधी विचारा. ती मान्यताप्राप्त विद्यापीठाची नसेल तर क्रेडिट मिळवणं फार अवघड जातं.

क्रेडिटचे आकडे बघून गोंधळू नका. युरोपातल्या ईसीटीएसमध्ये पूर्णवेळ वर्ष ६० क्रेडिटचं, सेमिस्टर ३० चं, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम. यात फक्त वर्गातले तास नव्हे, घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारीही आली. ब्रिटनमध्ये वर्ष १२० क्रेडिटचं, एक क्रेडिट सुमारे १० तासांचं, म्हणून दोन ब्रिटिश क्रेडिट बरोबर एक ईसीटीएस. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५, म्हणजे एक अमेरिकी क्रेडिट सुमारे दोन ईसीटीएस. खरी अडचण पुढे येते. मेलबर्न विद्यापीठात एक विषय १२.५ पॉइंटचा, सिडनी विद्यापीठात ६ क्रेडिटचा, क्वीन्सलँड विद्यापीठात २ युनिटचा. कॅनडात टोरांटो विद्यापीठात एका सत्राचा विषय ०.५ क्रेडिटचा, तर मॅक्गिलमध्ये ३ चा. देश एकच, पण मोजपट्टी प्रत्येकाची वेगळी. म्हणून आकडा थेट आकड्याशी ताडू नका, प्रमाण काढा: हा विषय तिथल्या पूर्ण सेमिस्टरचा कितवा भाग आहे? मेलबर्नमध्ये पूर्ण सेमिस्टर ५० चं, म्हणून १२.५ म्हणजे पाव सेमिस्टर. ३० ईसीटीएसच्या पाव म्हणजे ७.५. सिडनीत २४ पैकी ६ आणि क्वीन्सलँडमध्ये ८ पैकी २, हेही पावच. विभागाला पत्र लिहिताना हे प्रमाण मांडा आणि यजमान विद्यापीठाच्या ज्या पानावर पूर्ण सेमिस्टरचा आकडा दिला आहे ते पान सोबत जोडा. नुसतं 'तिथे हा २ युनिटचा विषय आहे' असं लिहिलं तर दोनच क्रेडिट मिळण्याची भीती खरी आहे.

फ्रान्समध्ये वेगळीच गाठ असते. तिथे अनेक छोटे विषय मिळून एक 'यूई' बनतो आणि क्रेडिट बऱ्याचदा त्या अख्ख्या गठ्ठ्याला असतात. तुम्ही त्यातला एकच विषय घेतलात तर त्याचे किती क्रेडिट, हे तिथल्या विभागाकडून लिहून घ्यावं लागतं.

विषयाचं वर्णन वाचताना नाव आणि पहिला परिच्छेद सोडून द्या, कारण ते सगळीकडे आकर्षकच असतात. खाली जा. तो कोणत्या सत्रात शिकवला जातो, दरवर्षी की एक वर्ष सोडून? भाषा कोणती? पूर्वअट काय, आणि ती सक्तीची की सुचवलेली? मूल्यमापन कसं: शेवटची एकच लेखी परीक्षा, निबंध, गटप्रकल्प, तोंडी? वर्णन कोणत्या शैक्षणिक वर्षाचं आहे? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त दुर्लक्षिला जातो. तुम्ही अर्ज करता तेव्हा पुढच्या वर्षाची यादी बहुतेक ठिकाणी निघालेली नसते. समोर दिसते ती चालू किंवा मागच्या वर्षाची. प्राध्यापक रजेवर गेले, विद्यार्थी कमी पडले, की विषय रद्द. म्हणून पाच विषय लागत असतील तर आठ ते नऊ मंजूर करून घ्या, आणि जादाचे विषय वेगळ्या विभागांतले, वेगळ्या वेळांचे ठेवा. एकाच विभागातले तीन पर्याय बऱ्याचदा एकाच वेळेला येतात.

पातळीचे अंक फसवे असतात. अमेरिकेत १०० आणि २०० चे विषय प्राथमिक, ३०० आणि ४०० चे वरचे, ५०० पासून पुढे बहुधा पदव्युत्तर. इंग्लंडमध्ये पदवीच्या तीन वर्षांना पातळी ४, ५, ६ म्हणतात आणि ७ म्हणजे मास्टर्स. स्कॉटलंडची चौकट वेगळी, तिथे पातळी ७ म्हणजे चार वर्षांच्या पदवीचं पहिलं वर्ष. एडिनबरोचा 'पातळी ७' चा विषय मास्टर्सचा समजून निवडलात, तर विभाग तो प्राथमिक म्हणून नाकारील, आणि त्यांचं बरोबर असेल. उलट बाजूही आहे: जिथे इंग्रजी ही शिक्षणाची मुख्य भाषा नाही तिथे इंग्रजीतले विषय पदवीपेक्षा मास्टर्सला जास्त असतात. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या परवानगीने ते अनेकदा घेता येतात. विनंतीच्या ईमेलमध्ये तुम्ही आधी केलेले संबंधित विषय, त्यांचे गुण आणि वापरलेली पाठ्यपुस्तकं लिहा. 'मला या विषयात खूप रस आहे' एवढ्यावर कोणी परवानगी देत नाही.

वेळापत्रकाकडे आता बारकाईने पाहा. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि परीक्षा त्यानंतर मार्चपर्यंतही चालतात. तुमचं घरचं सेमिस्टर जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होत असेल तर टक्कर अटळ आहे. ऑस्ट्रेलियात पहिलं सेमिस्टर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चपासून जूनपर्यंत, दुसरं जुलैअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. ब्रिटनमध्ये काही विषय वर्षभराचे असतात. फक्त शरद सत्रासाठी गेलात तर ते अर्धे घेता येत नाहीत, किंवा परीक्षा मे महिन्यात असते आणि तुम्ही तेव्हा तिथे नसता. अशा विद्यार्थ्यांसाठी काही विभाग परीक्षेऐवजी निबंध ठेवतात, काही ठेवत नाहीत. निवडण्याआधी विचारलं तर उत्तर मिळतं, डिसेंबरात विचारलं तर फार उशीर झालेला असतो.

स्वीडनमध्ये सेमिस्टर भागांत विभागलेलं असतं. ७.५ क्रेडिटचे चार विषय सगळे एकदम चालत नाहीत. अनेक विद्यापीठांत दोन पहिल्या निम्म्यात, दोन दुसऱ्या निम्म्यात, तर काही ठिकाणी एकामागून एक पूर्णवेळ. म्हणून दोन विषयांची वेळ एकच दिसली तरी ते वेगवेगळ्या भागांत असतील तर टक्कर नाही. उलट एकाच भागात तीन घेतलेत तर दहा आठवडे दम लागेल आणि पुढच्या दहात एकच विषय उरेल.

नोंदणीबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. विषयाला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं, या जर्मनीत अनेक विद्यापीठांत दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. परीक्षेच्या नोंदणीची मुदत सेमिस्टरच्या मधे कधीतरी येते आणि जाते. पूर्ण सेमिस्टर वर्गात बसलेला विद्यार्थी त्या एका क्लिकअभावी परीक्षेला बसू शकत नाही. पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात ही तारीख परीक्षा विभागाकडून घेऊन कॅलेंडरमध्ये टाका. अमेरिकेत मुदती वेगळ्या: विषय जोडण्या-सोडण्यासाठी पहिला एक-दोन आठवडा, त्यानंतर सोडलात तर गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' उमटतो. पदवीच्या पातळीवर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिटची पूर्ण नोंदणी लागते, आणि त्यात ऑनलाइन वर्गांपैकी एकच विषय किंवा ३ क्रेडिट धरले जातात. म्हणून १२ च घेऊन त्यातला एक सोडण्याचा विचार करत असाल, तर आधी तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागाराची परवानगी घ्या. नंतर घेतलेली परवानगी चालत नाही.

पोहोचल्यावर एखादा विषय बदलावा लागणं अगदी नेहमीचं आहे. घाबरू नका, पण बदल त्याच दिवशी कागदावर आणा. नवा विषय घेतला, वर्गही सुरू झाले, आणि करारात जुनाच राहिला, तर परत आल्यावर मान्यतेला आधार राहत नाही. मूळ विभागाचं उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून तोपर्यंत जुना आणि नवा दोन्ही वर्ग करत राहा.

किती विषय घ्यावेत? ३० ईसीटीएस म्हणजे ७५० ते ९०० तास. वीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४० तासांच्या आसपास. नवी भाषा, नवी परीक्षापद्धत आणि राहण्याच्या व्यवस्थेची धावपळ त्यातून वेगळीच. परत येऊन लागणारे क्रेडिट आणि वर एक विषय सुटला तरी चालेल एवढी जागा, हे पुरेसं आहे. ३६ चा हट्ट नको. तिथली भाषा शिकण्याचा वर्ग मात्र जरूर घ्या, भले त्याचे ३ क्रेडिट पदवीत धरले गेले नाहीत तरी. स्थानिक भाषेतले विषय घ्यायचे असतील तर बहुतेक विद्यापीठं बी२ (युरोपीय भाषा-मापनातली मध्यमाच्या वरची) पातळी मागतात. पण बी२ वर व्याख्यान कळतं, चार तासांचा लेखी पेपर मात्र जड जातो. अशा वेळी तोंडी परीक्षा किंवा घरी लिहायचा निबंध असलेला विषय निवडणं शहाणपणाचं.

गुणांचं रूपांतर हा भाग जाण्याआधी विचारायचा. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ला उत्तीर्ण. स्वित्झर्लंडमध्ये नेमकं उलट, ६ सर्वोत्तम आणि ४ उत्तीर्ण. इटलीत १८ ते ३०, फ्रान्समध्ये २० पैकी १०, डेन्मार्कमध्ये उणे ३ ते १२ आणि ०२ ला उत्तीर्ण. ब्रिटनमध्ये ४० ला उत्तीर्ण आणि ७० पासून प्रथम श्रेणी. ब्रिटनचे ६८ जसेच्या तसे ६८ टक्के म्हणून चढवले तर उत्तम विद्यार्थी मध्यम दिसतो. जर्मनीत वापरलं जाणारं सुधारित बव्हेरियन सूत्र असं: सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. फ्रान्सचे १४ धरा: २० वजा १४ म्हणजे ६, भागिले १०, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.८. पण फ्रान्समध्ये १४ ही चांगली श्रेणी आहे आणि २० जवळजवळ कोणालाच मिळत नाहीत, त्यामुळे सरळ सूत्र तिथल्या विद्यार्थ्यावर अन्याय करतं. म्हणूनच ईसीटीएसमध्ये गुणवितरणाच्या तक्त्यांचा आग्रह आहे: त्या विभागात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणते गुण मिळाले ते पाहून रूपांतर करायचं. तुमच्या विद्यापीठाकडे पद्धत ठरलेली नसेल तर हा तक्ता यजमान विभागाकडून मागून सोबत द्या. काही ठिकाणी बाहेरचे विषय फक्त 'उत्तीर्ण' म्हणून नोंदतात, सरासरीत धरत नाहीत. मग तिकडेही 'उत्तीर्ण/अनुत्तीर्ण' असा पर्याय घ्यायचा का? शक्यतो नको. पुढे दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करताना तो विषय बिनगुणांचा राहतो.

नापास झालात तर काय, हेही निवडतानाच पाहायचं. नेदरलँड्समध्ये फेरपरीक्षा बहुतेक त्याच शैक्षणिक वर्षात होते, इटलीत एकाच विषयाच्या परीक्षेच्या अनेक तारखा असतात, जर्मनीत दुसरी संधी कधीकधी थेट पुढच्या सेमिस्टरला. तुम्ही तेव्हा देशाबाहेर असाल तर दुरून परीक्षा देता येते का, याचं उत्तर विषयागणिक बदलतं.

निघण्यापूर्वी प्रत्येक विषयाचं सविस्तर वर्णन पीडीएफ करून ठेवा, वर्ष दिसेल अशा रीतीने. वाचनयादी, प्रकल्पाचे अहवाल, तपासलेले पेपर आणि मंजुरीचे ईमेल खासगी खात्यावर उतरवा, कारण यजमान विद्यापीठाचं खातं तुम्ही गेल्यावर बंद होतं. इरॅस्मसमध्ये गुणपत्रिका निकालानंतर साधारण पाच आठवड्यांच्या आत पाठवणं अपेक्षित असतं. इतरत्र ती मागावी लागते, आणि ग्रंथालयाचं किंवा वसतिगृहाचं काही देणं बाकी असेल तर अडवलीही जाते. ती हाती आली की आधी विषयाचे कोड करारातल्या कोडशी ताडून पाहा. एक अंक जरी चुकला असेल तर दुरुस्ती यजमान विद्यापीठातच करून घ्या आणि मगच ती आपल्या परीक्षा विभागात द्या.